पेन्सिलीएवढी फट

भागाजी मिस्त्रीवर माझा राग आहे. तो आजही आहे, आणि हे लिहून झाल्यावर जाईल अशी माझी समजूत नाही. मी ठेकेदार, तो टाइल बसवणारा मिस्त्री. बारा वर्षं आम्ही एकत्र कामं केली. संभाजीनगरात बाथरूमची कामं घेणारे माझ्यासारखे ठेकेदार ढिगानं सापडतील, पण भागाजीसारखा मिस्त्री मला दुसरा भेटला नाही, हे मी कबूल करतो. कबूल करताना दात आवळले जातात, तेही सांगून टाकतो.

अंगानं बुटका, मनगटं मात्र पहिलवानाची. डोक्याला पांढरा रुमाल, त्यावर सिमेंटचे ठिपके. हातोडी स्वतःची, बाभळीचा दांडा स्वतः तासलेला. आणि डाव्या कानावर सुताराची चपटी लाल पेन्सिल. जेवताना, भांडताना, झोपतानासुद्धा ती तिथंच असायची. सगळे त्याला मामा म्हणत. तो कुणालाच नावानं हाक मारत नसे. मी ‘ठेकेदार’, प्लंबर तो ‘पाइप’, आणि घरमालक कितीही मोठा साहेब असो, तो ‘नळवाला’.

आमची पहिली भेट गारखेड्यातल्या एका कामावर झाली. मी तेव्हा नवखा होतो. पैठणकडच्या खेड्यातून येऊन रेती चाळण्यापासून सुरुवात केलेली, आणि ते माझं स्वतःच्या नावावरचं तिसरं बाथरूम. भागाजी काम मागायला आला होता. पण कामाबद्दल एक अक्षर न बोलता तो चपला काढून आत गेला आणि डावा कान भिंतीकडं करून बोटाच्या हाडानं एकेक टाइल वाजवू लागला. टक, टक, टक. एका ठिकाणी थांबला, परत वाजवली, आणि मला काही कळायच्या आत हातोडी घातली. चार टाइला खाली.

मी त्याची कॉलर धरली. त्याच्या हातात हातोडी होती आणि माझ्या हातात त्याचा गळा. तो शांतपणे म्हणाला, “गळा सोड, अन् टाइल पालथी करून बघ.”

मी पायानं एक तुकडा उलटा केला. मागं टाइल चिकटवायच्या केमिकलचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. बाकी सगळी जागा कोरडी.

“टाइल चिकटवली का निवद दाखवला?” तो म्हणाला. “पाच लाडू ठेवल्यावानी ठेवलेत. ह्या पोकळीत पाणी जाऊन बसंल अन् तुझ्या नावानं रडंल.”

मी कॉलर सोडली नव्हती. तशीच धरून विचारलं, “काम करायला किती घेशील?”

त्यानं आकडा सांगितला. मी त्याच्या निम्म्याहून थोडा वर गेलो. त्यानं हातोडी पिशवीत घातली, मग थापी घातली, मग ओळंबा गुंडाळायला घेतला. मी वर चढत गेलो, तो गुंडाळत गेला. शेवटी म्हणाला, “तुझ्या भावात पण करतो. फक्त मंग ह्या बाथरूमला नळ लावू नको.”

मी भाजीच्या जुडीपासून विटांच्या ट्रकपर्यंत कुणाशीही घासाघीस करून जिंकलेला माणूस आहे. त्या दिवशी हरलो. पुढंही दर वेळी हरलो, एक वेळ सोडून. ती एक वेळ पुढं सांगतो.

मग सिमेंटचे बोर्ड आले. विटांची भिंत जागा खाते, वजन टाकते, वेळ घेते. त्यामुळं लोक पत्र्याच्या चॅनलचा सांगाडा उभा करून त्यावर हे बोर्ड स्क्रूनं मारून घेऊ लागले. वर टाइल लावली की कुणाला कळतसुद्धा नाही. मी गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचो, “साहेब, सिमेंटचा बोर्ड आहे, वॉटरप्रूफ. पाण्यात बुडवा.”

एकदा भागाजीनं हे ऐकलं. गिऱ्हाइकासमोरच त्यानं बोर्डाचा एक तुकडा दोन विटांवर आडवा ठेवला, वर ओल्या मातीची पाळ केली, आत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, “चहा पिऊन या.” आम्ही चहा पिऊन आलो. त्यानं त्या साहेबांचा हात धरून बोर्डाच्या खालच्या बाजूला लावला. हात ओला झाला.

“सडत नाय, फुगत नाय,” भागाजी म्हणाला. “पण पितो. ह्यो वॉटरप्रूफ म्हणतो ते त्याच्या तोंडाला लावा, बोर्डाला नाय.”

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी भागाजीला बाहेर ओढत नेलं आणि जिन्यात एकमेकांना इतकी शिवीगाळ केली की वरच्या मजल्यावरच्या बायका डोकावल्या. पण त्याचं म्हणणं बदललं नाही. बोर्ड म्हणजे नुसतं हाड, कातडी आपण चढवायची. बोर्डांच्या सांध्यांवर जाळीची पट्टी, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, भिंत आणि जमीन भेटते त्या कोपऱ्यात पट्टी. आणि सगळ्यात आधी, बोर्ड जमिनीला टेकता कामा नये. खाली पेन्सिलीएवढी फट पाहिजे. टेकला की तो खालून पाणी ओढतो, दिव्याच्या वातीसारखा.

ही फट तो डोळ्यांनी बघत नसे. बोर्ड बसला की कानावरची चपटी पेन्सिल काढायची, एका टोकाला बोर्डाखाली घालायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायची. मधे कुठं अडली की सगळे स्क्रू परत काढायचे. मग ती फट लवचीक मसाल्यानं भरायची.

त्याच्या हातून मार खाल्लेल्यांत पहिला नंबर अन्वर प्लंबरचा. उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्याच्या कामावर भागाजीनं दुसरा हात मारून भिंत वाळत ठेवली होती. अन्वरला एक नळ चुकीच्या जागी आल्याचं आठवलं, आणि त्यानं ड्रिल घेऊन त्या भिंतीला नवं भोक पाडलं. भागाजीनं मशीनचा आवाज ऐकला. बसल्या जागेवरून त्यानं थापी फेकली. ती अन्वरच्या भुवईला लागली. करड्या भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली.

“मामा, हौला हो गया क्या?” अन्वर ओरडला. “एक छेदच तो मारा मैं!”

“तुझ्या टाळक्याला एक मारतो, मंग सांग एक म्हंजे किती!”

दोघं एकमेकांना भिडले. जमिनीवर लोळले. एक अख्खा बोर्ड त्यांच्याखाली मोडला. मी सोडवायला गेलो आणि कोपर नाकावर घेऊन परत आलो. मग भागाजीनं स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून अन्वरच्या भुवईवर दाबून धरला आणि खालच्या मजल्यावर डॉक्टरकडं नेलं. टाके पडेपर्यंत त्याचा हात हातात धरून बसला. वर आल्यावर भोक बुजवलं, पट्टी लावली, दोन्ही हात परत मारले. संध्याकाळी निघताना अन्वरला आणखी एक थप्पड दिली. “ही कशाबद्दल?” मी विचारलं. “इसरू नये म्हणून,” म्हणाला.

अन्वरनं त्यानंतरही त्याला कधी सोडलं नाही. भुवईवरचा व्रण दाखवून सांगायचा, “ये मामा का साइन है. जिसपे ये नै, वो काम पक्का नै.”

पण भागाजीची खरी भांडणं व्हायची ती पाण्यावरून. बाथरूम तयार झालं की तो पाणी जायच्या जाळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, दाराशी पाळ घालायचा आणि आत चार बोटं पाणी भरून दोन दिवस ठेवायचा. पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं भिंतीवर रेष. दोन दिवसांनी पाणी रेषेला असलं तर काम पास. टाइल लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर एकदा, असं दोनदा. आता ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो आणि ज्या दिवशी यायचा त्या दिवशीही येईलच असं नसतं, तिथं हा माणूस बाथरूमभर पाणी दोन दिवस नुसतं साठवून ठेवायचा. घरातल्या बाया खवळायच्या. “आम्हाला प्यायला नाही, अन् तुम्ही फरशीला पाजता?” भागाजी दाराशी बादली पालथी घालून त्यावर बसायचा, मांडीवर हातोडी.

एका घरी मालकाच्या मेहुण्यानं बघता बघता तांब्या बुडवला. भागाजीनं हातोडी त्या तांब्यावरच हाणली. तांब्या चेपला, मेहुणा पाण्यात उताणा पडला आणि गल्ली गोळा झाली. मी पोचलो तेव्हा भागाजीच्या शर्टाची एक बाही लोंबत होती, ओठ फुटला होता, आणि तो हसत होता. “ठेकेदार, रेष बघ! येवढ्या मारामारीत पण जागची हालली नाय!”

तपासणी झाली की मात्र तो एक थेंब वाया जाऊ देत नसे. घरातल्या बायांना हाका मारून बोलवायचा आणि स्वतः बादल्या भरून द्यायचा, झाडांना, संडासाला. ज्यांनी सकाळी त्याला शिव्या दिल्या त्यांच्याच हातात.

आता पुंडलिकनगरचं काम.

देशपांडे काकू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. काका कमरेच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते आणि पुढच्या रविवारी घरी येणार होते. जुनं बाथरूम मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात, काकांच्या पलंगाजवळ, बोर्डाच्या भिंती घालून नवं बाथरूम करायचं होतं. माझ्याकडं दहा दिवस होते. भागाजी म्हणाला, दोनदा पाणी भरणार. मी म्हणालो, एकदा. त्यानं हातोडी पिशवीत घातली.

काकू मधे पडल्या नाहीत. त्यांनी काकांचा वॉकर आधीच विकत आणून ठेवला होता. तो हातात घेऊन त्या हॉलमध्ये हळूहळू चालून बघत होत्या, कुठं वळता येईल, दार कुठल्या बाजूला उघडेल. दोनदा अडखळल्या. भागाजी बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं हातोडी पिशवीतून बाहेर काढली. “बरं. टाइल लागल्यावर एकदाच भरू,” म्हणाला.

बारा वर्षांत तो माझ्याशी घासाघिशीत हरला तो हा एकदाच.

तिसऱ्या दिवशी तो बायकोला डोळे तपासायला घेऊन गेला. एक भिंत राहिली होती. मी स्वतः ड्रिल हातात घेतलं. बोर्ड उंचीला बरोबर बसत होते. खाली फट ठेवायची तर सगळे कापावे लागले असते, अर्धा दिवस गेला असता. मी तसेच बसवले, जमिनीला टेकून, आणि दिसू नये म्हणून खालच्या कडेवर मसाला फासला. भागाजी आल्यावर विचारलं, “पेन्सिल फिरवली?” मी म्हणालो, “फिरवली.” त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि वॉटरप्रूफिंगचा डबा उघडला. माझा शब्द त्यानं तपासला नाही, तेही एकदाच.

गुरुवारी काम संपलं. टँकरच्या पाण्यानं बाथरूम भरलं, रेष मारली. दिवसभर तो बादलीवर बसला. शुक्रवारी बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मला म्हणाला, “ठेकेदार, तू बसशील?” मी बसतो म्हणालो. अर्धा तास बसलो असेन. मग दुसऱ्या साइटवरून फोन आला आणि गेलो.

शनिवारी सकाळी मी पोचलो तो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला. भागाजी ती भिंत फोडत होता. पाणी रेषेच्या दोन बोटं खाली गेलेलं. त्यानं काकूंना विचारलं होतं, “पाणी घेतलं का?” काकू म्हणाल्या होत्या, “छे, मी कशाला घेऊ?” मग गळतीशिवाय दुसरं कारण उरलं नव्हतं. पांढऱ्या टाइला, त्यांवर निळी वेल, काकूंनी तीन दुकानं फिरून निवडलेल्या, त्या पाण्यात छपाछप पडत होत्या. दुसऱ्या दिवशी काका येणार होते.

मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. त्यानं मला ढकललं. माझी पाठ दाराच्या चौकटीवर आदळली. मग मी हात उगारला आणि पूर्ण ताकदीनं मारला. उघडा पंजा, डाव्या कानावर. पेन्सिल उडून पाण्यात पडली. भागाजी आहे तिथंच खाली बसला, दोन बोटं पाण्यात, टाइलांच्या तुकड्यांवर. कानातून रक्ताचा बारीक धागा मानेवर आला.

“मी घेतलं!” काकू ओरडल्या. दोन्ही हात तोंडावर धरून त्या भिंतीला टेकल्या होत्या. “नळ आला नाही हो. भांडी तशीच पडली होती. तीन बादल्या घेतल्या. शरम वाटली म्हणून खोटं बोलले.”

मला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. भिंत गळत नव्हती, भागाजी चुकला होता, आणि ते सिद्ध करणारा साक्षीदार समोर रडत होता. मी त्याच्या अंगावर ओरडत राहिलो, काय ते आता आठवत नाही. त्यालाही ऐकू येत नव्हतं बहुतेक. तो पाण्यात चाचपडत होता. पेन्सिल सापडली. गुडघ्यांवर सरकत तो फोडलेल्या भिंतीशी गेला, खालचा मसाला नखानं उकरला आणि पेन्सिल बोर्डाखाली घालू लागला. जाईना. त्यानं जोर लावला. पेन्सिल मोडली.

मग त्यानं हात बोर्डाच्या मागच्या अंगाला घातला. जमिनीपासून वीतभर बोर्ड काळा पडला होता. काकूंनी तीन बादल्या घेतल्या होत्या हे खरं, आणि माझा बोर्डही दोन दिवस पाणी पीत होता हेही खरं.

भागाजी उठला. तोल गेला, पुन्हा सावरला. माझ्यासमोर येऊन त्यानं तो ओला पंजा माझ्या शर्टाला, छातीवर, सावकाश पुसला.

“पेन्सिल फिरवली व्हय?” एवढंच म्हणाला.

ती भिंत त्यानंच परत केली. कानात कापसाचा बोळा घालून, अन्वरला बरोबर घेऊन. मला दारातून आत येऊ दिलं नाही. मी उंबऱ्यात पाय टाकला की अन्वर म्हणायचा, “ठेकेदार, नक्को. मामा के हाथ में हातोडी है.” काका आठ दिवस उशिरा घरी आले. पाणी दोनदा भरलं. दोन्ही वेळा भागाजीला पहाऱ्यावर बसावं लागलं नाही. देशपांडे काकू स्वतः त्या पालथ्या बादलीवर बसल्या, मांडीवर त्याची हातोडी घेऊन. शेजारीण तांब्या घेऊन आली तर तिच्यावर त्यांनी ती उगारली म्हणे.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी जोडून पाहिला, ऐकू येणं परत आलं नाही. तोलही गेला. स्टुलावर चढलं की भागाजी हेलकावायचा, त्यामुळं वरच्या रांगा लावणं बंद झालं. तो टाइल बसवायचा तो कानानं, आणि तो कान मी काढून घेतला.

मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, “मामा, मोठ्या डॉक्टरकडं चल.” म्हणाला, “कशाला? कटर मशीनच्या आवाजानं गेलाय.” मी म्हणालो, “मला शिव्या घाल.” म्हणाला, “मशीनला कुणी शिव्या घालतं व्हय?” मी गाल पुढं केला, दोन मार म्हणालो. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी सगळीकडून बोली लावली, त्यानं एकही घेतली नाही. सगळ्या मिस्त्र्यांना, प्लंबरांना, दुकानदारांना त्यानं हेच सांगितलं, मशीननं गेला. माझं नाव एकदाही नाही. मी भांडणारा, मारणारा, मार खाणारा माणूस आहे. माझ्याशी त्यानं भांडण पुरं केलं नाही. मला मशीन करून टाकलं. माझा राग आहे तो ह्याचा.

गेल्या वर्षी गारखेड्यातच मला सहा बाथरूमचं काम मिळालं. मालकानं अट घातली, “ताब्यात घ्यायच्या आधी एका म्हाताऱ्याला दाखवणार. तो भिंतीला गाल लावून सांगतो.” मी समजलो.

अन्वर त्याला स्कूटरवर मागं बसवून घेऊन आला. रुमाल तोच, हातोडी तीच. पेन्सिल आता उजव्या कानावर होती. माझ्याकडं त्यानं नळवाल्याकडं बघावं तसं पाहिलं. एकेका बाथरूममध्ये शिरून तो उजवा गाल भिंतीला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि बोटानं वाजवत जायचा. दाराच्या चौकटीशी जिथं बोर्डाची कड उघडी ठेवली होती, तिथं पेन्सिल खाली घालून बघायचा. ती सगळीकडं गेली. मी स्वतः फिरवली होती, प्रत्येक बोर्डाखाली. पाच बाथरूम झाली. त्यानं हातोडी उचलली नाही.

सहाव्यात तो खालच्या कोपऱ्याशी बसला. डावी बाजू त्या भिंतीकडं होती. त्यानं एक टाइल वाजवली आणि पुढं गेला. मी दारात उभा होतो. मला ऐकू आलं होतं. ती पोकळ होती. अन्वर बाहेर होता, मालक फोनवर होता, आणि भागाजी उठून हात झटकत होता.

मी गप्प बसू शकलो असतो. त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलेली हातोडी मी उचलली आणि टाइलवर घातली. एकच घाव. टाइल फुटली, मागं हाताएवढी कोरडी जागा. आवाजानं मालक धावत आला आणि माझ्यावर ओरडायला लागला, “अहो, ठेकेदार तुम्हीच ना?”

भागाजीनं वाकून ते भगदाड पाहिलं. मग माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.

“म्हाईत होतं मला,” म्हणाला. “तू काय करतो ते बघत होतो.”

खरं बोलला की बहिऱ्या माणसाचा तोरा होता, मला आजवर ठरवता आलेलं नाही. विचारायला तोंड उघडलं तेव्हा तो अन्वरच्या मागं स्कूटरवर बसत होता. मी जवळ गेलो, पण डाव्या बाजूनं. “मामा,” म्हणालो. त्यानं वाऱ्यापासून जपायला डावा तळवा त्या कानावर घट्ट दाबला, आणि स्कूटर निघाली.